आधी पाहणे, मग घडवणे: मागे पडलेल्या सर्जनशीलतेकडे परतण्याची एक वाट

चार्ल्स डार्विन यांनी १८७६ साली लिहायला घेतलेल्या आत्मवृत्तात एक खंत नोंदवून ठेवली आहे. तिशीपर्यंत त्यांना कवितेची मनापासून आवड होती, चित्रे आणि संगीत यांतूनही त्यांना मोठा आनंद मिळत असे; पुढे मात्र ही गोडी आटत गेली आणि उतारवयात कवितेची एक ओळ वाचणेही त्यांना सोसवेना. आयुष्य पुन्हा जगायचे असते तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम केला असता, असे ते लिहितात. या अभिरुचीचा लोप म्हणजे सुखाचाच लोप असून त्यामुळे बुद्धीचे आणि त्याहूनही अधिक स्वभावाचे नुकसान होत असावे, असेही त्यांनी पुढे म्हटले आहे. ज्यांची बुद्धी अखेरपर्यंत कामात गढलेली होती, अशा माणसाने हे लिहावे याला फार मोल आहे. त्यांनी सांगितलेला उपायही लक्षात घेण्याजोगा आहे: स्फूर्तीची वाट न पाहता त्यांनी साप्ताहिक नेमाचा विचार केला.

लहानपणी सहजपणे चित्रे काढणारी आणि गाणी जुळवणारी बहुतेक माणसे मोठेपणी ‘ते आपले काम नव्हे’ असे म्हणू लागतात, यामागे एक मोठे कारण मूल्यमापन हे आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना चित्राबद्दल बक्षीस मिळेल असे आधी सांगण्यात आले, काहींना आधी न सांगता बक्षीस देण्यात आले आणि काहींना काहीच मिळाले नाही. नंतर मोकळ्या वेळेत या मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने चित्र काढलेली मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. जे काम स्वतःसाठी होते, ते दुसऱ्याच्या पसंतीसाठी झाले की त्यातला रस असा झिरपून जातो. म्हणून परतीच्या वाटेवरची पहिली अट ही की, निदान पहिले दोन-तीन महिने आपण केलेले काहीही कोणाला दाखवायचे नाही. घरच्यांनाही नाही आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही.

दहा मिनिटांचे पाहणे

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण आधी साहित्य आणतात, वर्ग लावतात आणि लगेच काहीतरी घडवायला बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. घडवण्याआधी पाहण्याची सवय परत यावी लागते, कारण आपली नजर वस्तूचे नाव कळले की तिच्यावरून पुढे सरकते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नामवंत कलाकृतींसमोरही प्रेक्षक सरासरी सुमारे २७ सेकंदच थांबत असल्याचे आढळले होते. याउलट हार्वर्ड विद्यापीठातील कलेतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसायला सांगतात. आपल्याला तीन तासांची गरज नाही. दहा मिनिटे पुरेत.

एखादी साधी वस्तू निवडावी: झाडाचे पान, दाराची कडी, पाण्याचा पेला किंवा स्वतःचाच तळवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तिच्यासमोर बसावे आणि फक्त पाहावे. पहिल्या मिनिटात ‘हे पान आहे’ एवढेच मन म्हणते आणि काम संपल्यासारखे वाटते. थोड्या वेळाने कंटाळा येतो, उठावेसे वाटते. नेमके तेव्हाच उठू नये, कारण खरे पाहणे त्या कंटाळ्याच्या पलीकडे सुरू होते. मग दिसू लागते की पानाच्या शिरा मधल्या मुख्य शिरेपासून एकमेकींच्या समोरासमोर निघतात की आळीपाळीने. एका बाजूची कड कुरतडलेली आहे. पानाची सावली सगळीकडे सारखी काळी नसून वस्तूजवळ ती गडद आणि रेखीव आहे, दूर जाताना फिकी आणि पसरट होते. उघड्यावर ऊन पडले असताना पांढऱ्या कापडावरची सावली निळसर दिसते, कारण तेथे सूर्याचा थेट प्रकाश पोहोचत नसला तरी निळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचतो. असे काही स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा टिपले जाते तेव्हा होणारा आनंद विकतच्या कोणत्याही करमणुकीत नाही.

हीच वस्तू दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पाहावी. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९० आणि १८९१ या काळात गवताच्या गंजींची सुमारे २५ चित्रे रंगवली. विषय तोच, बदलत होता तो प्रहर, ऋतू आणि प्रकाश. सौंदर्यासाठी दरवेळी नवे स्थळ शोधावे लागत नाही, याचा इतका ठोस पुरावा दुसरा क्वचितच असेल.

हात चालू लागताना

पाहण्याची बैठक जमली की हातात पेन्सिल घ्यावी. साध्या कागदांची वही आणि मऊ शिशाची एक पेन्सिल एवढे साहित्य भरपूर झाले. महागडी वही खराब होण्याची भीतीच हात आखडून टाकते.

पहिला सराव असा: नजर वस्तूच्या कडेवर एका ठिकाणी ठेवावी, पेन्सिलचे टोक कागदावर टेकवावे आणि नजर जितक्या सावकाश त्या कडेवरून सरकेल तितक्याच सावकाश पेन्सिल सरकवावी. कागदाकडे पाहायचे नाही, पेन्सिल उचलायची नाही. पाच मिनिटांनंतर कागदावर जे उमटेल ते वेडेवाकडे असेल, रेषा एकमेकींवर चढलेल्या असतील, आणि तरीही त्यांत एखादी रेषा अशी असेल की जिच्यात त्या वस्तूचा नेमका वळसा उतरलेला आहे. एरवी आपण डोळा काढायला बसतो तेव्हा समोरचा डोळा न काढता डोळ्याची पाठ केलेली खूण काढतो. कागदाकडे पाहणे थांबले की ती खूण काढायची सोयच उरत नाही. दुसऱ्या सरावात वस्तूऐवजी तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागा काढाव्यात, उदाहरणार्थ खुर्चीच्या पायांमधून दिसणारे आकार. या जागांना नावे नसतात, म्हणून त्या जशा आहेत तशाच दिसतात.

ज्यांचा ओढा शब्दांकडे आहे त्यांनी समोरच्या वस्तूविषयी दहा वाक्ये लिहावीत, मात्र ‘सुंदर’, ‘छान’, ‘मनमोहक’ यांसारखे एकही विशेषण वापरू नये. संगीत आवडत असेल तर एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा ऐकून गुणगुणावी आणि तिचा स्वर नेमका कोठे वळतो हे शोधावे.

चुकलेला कागद फाडू नये. रवींद्रनाथ ठाकूर हस्तलिखितात खोडलेल्या ओळी रेषांनी जोडत जात आणि त्यांतून पक्षी, चेहरे, अनोळखी प्राणी आकार घेत. या खाडाखोडीतून त्यांची चित्रकला वाढली, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. चुकलेल्या रेषेपासून पुढे काय होऊ शकते हा प्रश्न ‘हे जमले का?’ या प्रश्नापेक्षा कितीतरी फलदायी आहे. जमले की नाही याचा विचार करायचाच असेल तर तो वेगळ्या दिवशी करावा. निर्मिती आणि परीक्षण एकाच बैठकीत सुखाने नांदत नाहीत.

यातून माणूस कसा वाढतो

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन १८५४ पासून लंडनमधील कामगारांच्या महाविद्यालयात चित्रकला शिकवत असत. सुताराला कलावंत बनवणे हा आपला हेतू नसून सुतार म्हणूनच तो अधिक सुखी व्हावा यासाठी आपला प्रयत्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला ही भूमिका पूर्णपणे पटते. २०१६ साली गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलानिर्मिती केली, आणि त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाले. अनुभवी आणि नवखे यांच्यात यासंबंधी ठळक फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठे दावे उभारू नयेत.

मला स्वतःला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा बदल. पानाला ‘पान’ म्हणून आपण जशी नजर काढून घेतो, तशीच एखाद्या माणसाला ‘रागीट’ किंवा ‘आळशी’ म्हणून काढून घेतो. वस्तूसमोर दहा मिनिटे थांबायला शिकलेले मन हळूहळू माणसासमोरही थांबू लागते, त्याचे बोलणे पुरते ऐकून घेते आणि आपले आधीचे मत तपासायला तयार होते. अपुरे, ओबडधोबड काम डोळ्यांसमोर ठेवून शांत राहण्याची जी सवय वहीत लागते, ती स्वतःच्या उणिवांकडे पाहतानाही कामी येते. हा बदल मुद्दाम घडवायला गेल्यास हाती लागत नाही. म्हणून सरावाला बसताना त्याचा विचार करू नये.

खंड पडणारच. आजारपण, काम, प्रवास यांमुळे काही आठवडे वही उघडली जाणार नाही. अशा वेळी मागचा अनुशेष भरून काढण्याच्या फंदात पडू नये. पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून, आधीच पाहिलेल्या एखाद्या वस्तूपासून पुन्हा सुरुवात करावी. दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी दाखवावेसे वाटले तर माणूस पारखून निवडावा. ‘किती छान’ म्हणणारा किंवा चुका मोजणारा, हे दोघेही या टप्प्यावर टाळावेत. एखाद्या रेषेवर बोट ठेवून ‘इथे तू काय पाहिलेस?’ असे विचारील, त्याच्या हाती वही द्यावी.