परदेशी माणसे किती घ्यावीत? गावात चर्चा ठेवण्याआधीची तयारी

एखाद्या देशाने बाहेरची किती माणसे घ्यावीत, हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गात परका वाटत नाही. एकाच वाडीतला एक मुलगा कुवेतमध्ये क्रेन चालवतो, दुसरा कॅनडात शिकतो आणि त्यांच्याच घरच्या हापूसच्या बागेची राखण नेपाळहून आलेले कुटुंब करते. तरीही गावच्या वाचनालयात या विषयावर चर्चा ठेवली की ती अर्ध्या तासात ‘भय्ये आणि परप्रांतीय’ यावर घसरते, हा अनुभव आम्ही घेतलेला आहे. ती घसरू नये म्हणून सूत्रधाराने काय करावे, ते येथे मांडले आहे.

पहिले काम विषय लिहिण्याचे. ‘स्थलांतर इष्ट की अनिष्ट’ असा विषय फळ्यावर लिहिला, तर प्रत्येक वक्ता वेगळ्याच माणसाविषयी बोलतो. कोणाच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी असतो, कोणाच्या खलाशी, कोणाच्या निर्वासित. त्याऐवजी देश, प्रवेशाचा प्रकार आणि काळ हे तिन्ही विषयातच असावेत. उदाहरणार्थ, ‘कॅनडाने कायमस्वरूपी वास्तव्याचे वार्षिक लक्ष्य घटवले, ते योग्य केले का?’ तेथील सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ साठीचे लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणले. या निर्णयाला घरांच्या टंचाईची पार्श्वभूमी होती. मात्र विद्यार्थी आणि तात्पुरत्या परवान्यावरचे कामगार या आकड्यात येत नाहीत, हे सभेत आधीच सांगावे. अन्यथा तिकडे शिकायला गेलेल्या मुलाचे वडील पहिल्याच वाक्याला उभे राहतील.

सर्वाधिक वेळ आकड्यांवर द्यावा, कारण या वादातील निम्मी भांडणे मोजण्याच्या पद्धतीतून उद्भवतात. हे समजावण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरावर जानेवारीत बाहेरगावचे खलाशी मोजले आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुन्हा मोजले, तर दोन्ही मोजण्या खऱ्या असूनही एकमेकींशी जुळणार नाहीत. एका विशिष्ट दिवशी असलेली माणसे, वर्षभरात आलेली माणसे आणि आलेल्यांतून गेलेले वजा करून उरलेली माणसे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये ज्यावरून निवडणुका गाजतात तो आकडा तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे निव्वळ स्थलांतराचा. जून २०२३ ला संपलेल्या वर्षासाठी तो आधी ६,७२,००० सांगितला गेला, पुढे सुधारला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९,०६,००० झाला. वक्त्याने आकडा दिला की तो कोणत्या तारखेला जाहीर झाला, हे सूत्रधाराने विचारलेच पाहिजे. हाच आकडा एक लाखाच्या आत आणण्याचे आश्वासन त्या वर्षी पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांच्या पक्षाने २०१० मध्ये दिले होते आणि ते पाळता आले नाही. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघाचा सदस्य असल्यामुळे संघातील नागरिकांना येण्यापासून रोखण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता, आणि देश सोडून किती जण जातील हे तर कोणत्याच सरकारच्या हाती नसते.

मर्यादा म्हणून सांगितला जाणारा आकडाही असाच तपासावा. कुशल परदेशी नोकरदारांसाठीच्या अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी आहे. परंतु विद्यापीठांतील नेमणुका तिच्या बाहेर असल्यामुळे प्रत्यक्ष मंजुऱ्या त्याहून अधिक होतात.

अधिकार कोणाचा, हे थोडक्यात सांगितले तरी पुरे. परदेशी नागरिकांचा प्रवेश, व्हिसा आणि हकालपट्टी हे विषय आपल्या राज्यघटनेच्या संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे ग्रामसभेने ठराव करून त्यांत फरक पडत नाही. नेपाळी राखणदाराला व्हिसा लागत नाही. दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याची आणि काम करण्याची मुभा १९५० च्या करारातून आलेली आहे. बिहारहून आलेला गवंडी तर परदेशी नाहीच. देशात कोठेही राहण्याचा हक्क त्याला अनुच्छेद १९ ने दिला आहे. व्हिसावर आलेला परदेशी, नेपाळी राखणदार आणि बिहारी गवंडी या तिघांना एका शब्दात कोंबणाऱ्या वक्त्याला तेथेच थांबवावे.

मजुरीचा मुद्दा येणारच, आणि तो टाळू नये. ‘बाहेरचे आले म्हणून मजुरी पडली’ असे म्हणणाऱ्याला आणि ‘इथे माणूसच मिळत नाही’ असे म्हणणाऱ्या बागायतदाराला एकच प्रश्न विचारावा: कोणते काम, कोणत्या महिन्यात, दिवसाला किती रुपयांनी? २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली, म्हणजे माणूस मिळत नाही हे निव्वळ रडगाणे नव्हे. पण ज्या मजुरीत मुंबईची खोली परवडते असे वाटून मुलगा गाव सोडतो, ती मजुरीही याच हिशेबात धरावी लागते. माझे मत असे की संख्येपेक्षा अटी अधिक निर्णायक ठरतात. आखातातील कफाला पद्धतीत कामगार एका मालकाशी बांधला जातो; कतारने नोकरी बदलण्यासाठीची मालकाच्या ना हरकत पत्राची अट २०२० मध्ये काढली, ते पाऊल याच कारणाने महत्त्वाचे होते. मालक बदलता न येणारा माणूस भाव करू शकत नाही आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्या स्थानिकाचाही भाव त्याच्याबरोबर खाली राहतो. उचल घेऊन हंगामभर एकाच बोटीवर अडकलेला खलाशी पाहिलेल्यांना हे वेगळे समजावावे लागत नाही.

वक्ते निवडताना आखातातून परतलेला एक तरी असावा, एक बागायतदार असावा आणि राखणदाराला केवळ श्रोता म्हणून बसवू नये. त्याला मराठी बोलता येत नसेल तर हिंदीत बोलू द्यावे. त्याचा पगार मात्र सभेत विचारू नये, कारण मालक समोर बसलेला असतो.

तारीख गणपतीत ठेवण्याचा मोह होतो, पण तेव्हा बागेत राखण नसते आणि घरोघरी आरत्या चालू असतात. मे महिन्याचा दुसरा आठवडा योग्य. चाकरमानी सुट्टीला आलेले असतात, आंब्याचा हंगाम संपलेला नसतो आणि बोटी अजून पाण्यात असतात. खलाशांना यायचे असेल तर सभा बोटी परतण्याच्या वेळेनुसार ठरवावी आणि ती वेळ तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारूनच छापावी.