‘व्हॅल्युएशन वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला तपासायची सोपी युक्ती

जुना फ्लॅट घेताना एजंट व्हॅल्युएशन, म्हणजे कर्जासाठी ठरवलेली घराची किंमत, फुगवून मोठं कर्ज मंजूर करून देतो. त्याचं कमिशन वाढतं, हप्ते मात्र आपण फेडतो. म्हणून टोकन देण्याआधीच हे करा:

1. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडा. वर्ष, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकला की त्या जागेवरच्या व्यवहारांचे इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचे सारांश, दिसतात. मोफत.

2. त्याच सोसायटीतले अलीकडचे दोन-तीन व्यवहार निवडा. ‘मोबदला’ या रकमेला क्षेत्रफळाने भागा. कार्पेटची (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) तुलना कार्पेटशीच करा, बिल्टअपशी (भिंती धरून मोजलेलं क्षेत्र) नको. एजंटांचा निम्मा खेळ इथेच चालतो. शेजारच्या ‘बाजारभाव’ रकान्यावर जाऊ नका, तो रेडी रेकनरवरून (सरकारी दरपत्रकावरून) काढलेला सरकारी आकडा असतो.

3. व्हॅल्युएशन रिपोर्टची प्रत मागा. दर या व्यवहारांपेक्षा बराच वर असेल तर कारण लेखी विचारा.

4. कर्जावर सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचा गोषवारा) घ्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे, तुम्हाला समजेल त्या भाषेत. त्यातला एपीआर (वार्षिक टक्केवारी दर) बघा, म्हणजे प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला विमा धरून कर्ज खरं किती टक्क्यांना पडतंय ते कळतं. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

एक सावधगिरी: रोखीचे पैसे इंडेक्स-2 मध्ये दिसत नाहीत, त्यामुळे एकाच व्यवहारावरून भाव ठरवू नका.