पेम्ब्रोलिझुमॅब चालू असताना: रक्तचाचण्या कधी, डॉक्टरांना फोन कधी

ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि HER2 नसलेल्या) स्तनकर्करोगाच्या गाठीत बरेचदा टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आधीच शिरलेल्या असतात, पण पीडी-एल१ हे प्रथिन त्यांना गप्प बसवतं. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध टी-पेशींवरच्या पीडी-१ या प्रथिनाला (पीडी-एल१ यालाच जुळतं) चिकटतं आणि हा लगाम सुटतो. मोकळ्या झालेल्या टी-पेशी थायरॉइड, आतडं, फुप्फुसं, अ‍ॅड्रिनल ग्रंथी यांवरही उलटू शकतात. त्यामुळे प्रत्येक त्रास केमोच्या खात्यावर टाकू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचा ठरलेला क्रम असा: दर ३ आठवड्यांनी २०० मिग्रॅ, ऑपरेशनआधी केमोसोबत ८ डोस, नंतर ९. एका डोसाला १०० मिग्रॅच्या २ बाटल्या लागतात, त्या फ्रिजमध्येच (२ ते ८ अंश) ठेवायच्या. सलाईन ३० मिनिटांचं, फिल्टर लावून; त्याच दिवशी केमो असेल तर हे आधी.

पहिल्या डोसाआधी टीएसएच आणि फ्री टी४ (दोन्ही थायरॉइडच्या चाचण्या), साखर, लिव्हर, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी-सी आणि सकाळी ८च्या सुमाराचं कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक) करून घ्या. कॉर्टिसोलमध्येच सगळ्यात जास्त घोळ होतो. पॅक्लिटॅक्सेल या केमोआधी डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड देतात; ते दिल्यावर रक्त काढलं तर आकडा खोटाच कमी येतो. म्हणून डोसाच्या दिवशी सकाळी, डेक्साच्या आधी रक्त द्या. अंगातलं त्राण गेलंय, बीपी उतरलंय, सोडियम कमी आहे, तर ही चाचणी पुन्हा करायला सांगा.

टीएसएच आधी खाली जाऊन काही आठवड्यांत वर चढतं, असं बरेचदा होतं. एका कमी रिपोर्टवरून गोळ्या सुरू करण्याची घाई नको. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टेरॉइड), मगच थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी). क्रम उलटला तर पेशंट कोसळू शकतो.

दिवसातून नेहमीपेक्षा ४ किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले तर घरी लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. आतड्याला सूज असेल तर साधारण वजनाच्या किलोमागे रोज १ ते २ मिग्रॅ प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) लागतं आणि ते ४ आठवडे किंवा जास्त काळ हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की जुलाब परत येऊ शकतात. नवा कोरडा खोकला, दम लागणं, एकदम वाढलेली तहान-लघवी यांनाही हाच नियम.

शेवटच्या डोसानंतर कित्येक महिन्यांनीही हे उद्भवू शकतं. फॅमिली डॉक्टरांना आणि ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना औषधाचं नाव व शेवटच्या डोसाची तारीख लिहूनच द्या.