वळवाच्या दिवसांत हवामानाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

मे महिन्याच्या उत्तरार्धात ‘अंदाज साफ चुकला’ हे वाक्य जितक्या वेळा कानावर पडतं, तितकं वर्षभरात कधी पडत नाही. ताडपत्री घालून ठेवलेल्या कडब्याच्या गंजीवर थेंबही पडत नाही आणि नेमकं ज्या दिवशी ताडपत्री काढावी त्या दिवशी सगळं ओलंचिंब होतं. मीही बरीच वर्षं हवामान खात्याच्या नावाने बोटं मोडली. मग रोज सकाळचं पत्रक नीट वाचायची सवय लागली आणि लक्षात आलं की खाते म्हणतं एक आणि आपण वाचतो दुसरंच. खात्याचे अंदाज चुकतातही, पण त्याआधी आपल्या वाचण्यात काय काय चुकतं ते बघू.

विभागाचा अंदाज आपल्या गच्चीला लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग पाडले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले चार येतात: कोकण (हा गोव्यासकट), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यातल्या ‘मध्य महाराष्ट्र’ या नावाने भलेभले फसतात. नकाशाच्या मधोमध काहीतरी असेल असं वाटतं, पण त्यात वर नंदुरबार-जळगावपासून खाली कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा अख्खा पट्टा येतो. घाटमाथाही त्यातच आणि पर्जन्यछायेतले तालुकेही त्यातच. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यात जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर, पण पाचगणीचा वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. मग ‘मध्य महाराष्ट्रात पाऊस’ या बातमीवरून आपल्या शिवाराचं काय कळणार?

त्यातून वळीव. एका सुट्या वळवाच्या ढगाचा पसारा पाच-दहा किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराचं. अंदाज काढणारी संगणकाची प्रारूपं (मॉडेलं) जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्याआधी तो १२ किलोमीटरचा होता. एवढ्या चौकोनात एवढा ढग म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्यात चिंगळी पकडण्यासारखं. ‘आज या भागात वळीव उठेल’ हे प्रारूप चांगलं सांगतं. तो नाल्याच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे त्याला विचारू नये.

म्हणून पत्रकातले शब्द तोलून वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ त्याच्याही वर. मे महिन्यातली बरीचशी पत्रकं ‘तुरळक’वरच थांबतात. म्हणजे चारातली तीन केंद्रं कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच ठरला!

जिल्ह्याचा अंदाज सकाळी वाचून ठेवावा. दुपारनंतरचा निर्णय मात्र खात्याच्या तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्यावर आणि रडारवर घ्यावा.

साडेआठचा घोळ

खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. समजा ११ तारखेला संध्याकाळी सहा वाजता धो धो पाऊस झाला. तो मोजला जाणार १२ तारखेच्या सकाळी आणि नोंदीत दिसणार १२ तारखेच्या नावावर. आपण ११ तारखेचा रकाना बघतो, तिथे शून्य. की झालं, ‘यांची आकडेवारीसुद्धा खोटी’ म्हणायला आपण मोकळे.

‘जोरदार’ आणि ‘मुसळधार’चंही तसंच. २४ तासांत ६४.५ मिलीमीटर झाला की खाते त्याला जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. वीस मिनिटं पन्हाळी ओसंडून वाहिल्या तरी मापात पंधरा-वीस मिलीमीटरच भरतात. खात्याच्या लेखी तो मध्यम पाऊस.

उपग्रहाचं चित्र पाहून घाबरणं

दुपारी फोनवर चित्र येतं. अर्धा महाराष्ट्र पांढराफटक, खाली ‘सावधान’. इथे तीन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे तारीख. गेल्या वर्षीची चित्रं यंदाही तितक्याच उत्साहाने फिरतात. दुसरी वेळ. इन्सॅटच्या चित्रावर बहुधा जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९०० दिसलं तर ते चित्र दुपारी अडीचचं. तुम्ही ते संध्याकाळी सात वाजता बघत असाल तर त्यातला ढग केव्हाच विरला.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि तिथेच गफलत होते. इन्फ्रारेड चित्रात ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं. माथा जितका उंच आणि थंड, तितका पांढरा. वळवाचा ढग वर चढून एका थरापाशी अडला की त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो आणि वरच्या वाऱ्याने लांबवर ओढला जातो. खाली पाऊस गाभ्यापुरता, वर चादर जिल्हाभर. शिवाय नुसते तंतुमेघ, म्हणजे खूप उंचावरचे पातळ ढगही पांढरे दिसतात, त्यांतून जमिनीवर काही पडत नाही. पाऊस कुठे चालू आहे हे बघायचं तर रडार. अर्थात रडारपासून दूर जावं तशी त्याची किरणं जमिनीपासून उंच जातात. दोनशे किलोमीटरवरच्या गावावर रडारला काही दिसलं नाही, म्हणून तिथे पाऊस नाहीच असं धरू नका.

टक्केवारीचं थोडक्यात. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. अशाच स्थितीचे दहा दिवस घेतले तर चार दिवशी तिथे पाऊस पडेल, एवढाच अर्थ. किती पडेल याबद्दल तो आकडा मुका आहे.

वळवाला मान्सून समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण तिच्या मागे पेरणी असते.

केरळात मान्सून आला की आपण इथले दिवस मोजायला लागतो. सरासरी तारखा १ जून केरळ आणि ११ जून मुंबई, म्हणून दहा दिवस धरतो. आता दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. २०२३ मध्ये केरळात ८ जूनला आला, ११ जूनला दक्षिण कोकणात पोहोचला आणि तिथेच अडकला. मुंबईत यायला २५ जून उजाडला, आणि त्याच दिवशी तो दिल्लीतही पोहोचला. २०२५ मध्ये केरळ २४ मे आणि मुंबई २६ मे. दोन दिवसांत! पण त्यानंतर महिनाअखेरीस जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत हललाच नाही. ‘यंदा लवकर आला’ म्हणून पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागाला सांगावं लागलं. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरायचं नाही, हा सल्ला तारखेला बांधलेला नाही. तुमच्या रानात किती पडला यावरच तो चालतो.

दोन्हींतला फरक अंगणात उभं राहूनही कळतो. वळीव दिवसभराच्या उकाड्यावर उठतो. दुपारनंतर ढग फुलकोबीसारखे वर चढतात, वारा पडतो, पान हलत नाही. मग एकदम धुरळा उडवत गार वारा येतो, गडगडाट, टपोरे थेंब, आणि तासाभरात आभाळ मोकळं. मान्सूनला एवढी नाटकं लागत नाहीत. पश्चिमेचा वारा दिवसरात्र वाहता राहतो, खालच्या ढगांची रांग थांबत नाही, पाऊस रात्रीही येतो आणि पहाटेही, आणि कमाल-किमान तापमानातलं अंतर आक्रसतं. शंका असेल तर रात्रीचा वारा बघा. पावसानंतर तो पडला असेल तर तो वळीवच होता.

पिवळ्याकडे दुर्लक्ष

लाल इशारा आला की सगळे जागे होतात आणि पिवळा आला की ‘काही नाही हो, पिवळा आहे’. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. वळवाच्या दिवसांत विजांचा इशारा बहुतेकदा पिवळाच असतो, कारण जिल्हाभराचा विचार करता धोका विखुरलेला असतो. ज्या झाडावर वीज पडते त्या झाडाखाली उभ्या असलेल्याला तो विखुरलेला नसतो.

‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. फोनला रेंज नसली तर कान आहेत. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तितके किलोमीटर. मुळात आवाज ऐकू आला याचाच अर्थ पुढची वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. पक्क्या घरात जा, झाडाचा आडोसा नको, आणि पाऊस थांबला म्हणून लगेच रानात निघू नका. शेवटच्या गडगडाटानंतर घड्याळात अर्धा तास मोजा. मध्येच पुन्हा गडगडलं तर तो अर्धा तास नव्याने सुरू.