नवा जन्म घ्यायचा म्हणजे नक्की करायचं काय

आधी शब्दाचं झंझट मिटवून टाकू. मी इंदूरला वायरिंगची कामं करतो, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, मराठी घरं पुष्कळ आहेत माझ्याकडे, आणि स्टुलावर चढून पंखा टांगताना कुणी ना कुणी खालून विचारतंच की काय रे, तुमच्या ख्रिश्चन लोकांमधे पण पुनर्जन्म असतो का. नसतो. मेल्यावर दुसरं शरीर, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा, ते इथे नाहीच. इथे माणूस जिवंतपणी, ह्याच शरीरात, त्याच आधार कार्डावर आतून नवा होतो असं सांगितलंय, म्हणून आम्ही पुनर्जन्म हा शब्द सहसा टाळतो आणि नवा जन्म म्हणतो. आमच्याकडे उपासना हिंदीत (घरी मराठी, चर्चमधे हिंदी, इंदूरचं हे असंच) आणि हिंदी बायबलमधे त्या जागी "नये सिरे से" असं आलंय, ते मला भारी आवडतं, कारण जुनी वायर जळाली की आमच्या धंद्यात पण हेच म्हणतात, भिया इसको नए सिरे से करना पड़ेगा.

गोष्ट आहे बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तिसऱ्या अध्यायात. निकदेम म्हणून एक परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), यहुद्यांमधला मोठा माणूस, रात्रीचा येशूकडे येतो, बहुतेक कुणी बघू नये म्हणून. येशू त्याला म्हणतो की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही, आणि हा एवढा शिकलेला माणूस विचारतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाणार! मूळ ग्रीक शब्द आहे अनोथेन, त्याचे दोन अर्थ निघतात, "परत" आणि "वरून". निकदेमाने परत एवढंच ऐकलं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, घरातली वायरिंग कितीही झकास करा, सप्लाय खांबावरूनच येतो, तो काही घरात बनत नाही. कुणीच स्वतःचा जन्म स्वतः करत नाही. मग तू हे काय करायचं ते कशाला लिहितोयस असं कुणी म्हणेल, तर मीटरच्या आतलं काम आपलं असतं ना, तेवढ्यापुरतं लिहितोय.

मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. बाळपणी बाप्तिस्मा, मग दृढीकरण (मोठं झाल्यावर तो विश्वास स्वतः कबूल करायचा विधी), नाताळात क्वायर, ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात मेणबत्त्या, सगळं झालेलं. आणि तरी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत मी आरामात बिलं फुगवत होतो आणि घरी आल्यावर आवाज चढवत होतो. तर पहिली गोष्ट ही की चर्चच्या रजिस्टरमधे नाव आहे म्हणून हा विषय आपला नाही असं धरू नका. पंडिता रमाबाईंचं बघा, १८८३ ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, त्याला पुढे आठेक वर्षं लागली. एवढी संस्कृत पंडिता बाई हे कबूल करते तर आपण कोण. (इथे चर्चाचर्चांत फरक आहे बरं का. कॅथलिक लोक बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो असं मानतात, पेंटेकॉस्टल वगैरे मंडळी स्वतः ठरवून विश्वास ठेवण्यावर जोर देतात, आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात लहान बाळाचा आणि मोठ्या माणसाचा दोन्ही बाप्तिस्मा चालतो. त्यावर भांडत बसू नका, मी बसलो होतो, काही हाती लागलं नाही.)

आता सुरुवात. वाचा. सगळं बायबल पहिल्या पानापासून धरू नका, लेवीय ह्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता दम निघतो, मी तीनदा तिथेच अडकलोय. योहान घ्या, २१ अध्याय आहेत, रोज एक, तीन आठवड्यात होतो. सकाळी पोहे खायच्या आधी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. वाचताना एवढंच बघायचं की येशू ह्या माणसाशी कसा बोलला आणि मी तिथे असतो तर काय म्हणालो असतो. रेव्हरंड टिळकांना (कवी ना. वा. टिळक) आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला होता आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून तो गेला. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना मात्र त्यानंतर काही वर्षं लागली, नवऱ्याचं झालं म्हणून बायकोचं त्याच दिवशी होत नसतं, हे घरोघरच्या उत्साही लोकांनी लक्षात ठेवावं.

मग पश्चात्ताप. आपण समजतो पश्चात्ताप म्हणजे रडणं. ग्रीकमधे मेटानोया, म्हणजे मन फिरणं, विचाराची दिशाच बदलणं. रडू आलं तर येऊ द्या, नाही आलं तर ओढून आणू नका. आणि "प्रभू मी पापी आहे" असं ढोबळ बोलण्याचा काही उपयोग नाही, ते मी तीस वर्षं बोलत होतो, त्याने माझं एकही बिल कमी झालं नाही. नाव घालून, जागा घालून, रक्कम घालून बोला. मी माझी कामाची जुनी डायरी काढली आणि उजव्या समासात खुणा करत गेलो. वायरचं बंडल येतं नव्वद मीटरचं, घरात लागते समजा पासष्ट, मी पूर्ण बंडलाचे पैसे घ्यायचो आणि उरलेली वायर पिशवीत टाकून पुढच्या घरी परत विकायचो. अकरा नावं निघाली. ती अकरा नावं वाचताना जे झालं ते कुठल्याही प्रवचनात झालं नव्हतं.

त्यानंतर मागणं. ह्याला ठरलेला मंत्र नाही, कुणी कागदावर छापील प्रार्थना दिली तर चालेल पण तिच्यात जादू नाही. आपल्या भाषेत सांगायचं की माझ्याने होत नाहीये, तू आत ये, मला नवा कर. येशूने निकदेमाला मोशेच्या सापाचं उदाहरण दिलंय, रानात लोकांना साप चावत होते तेव्हा मोशेने पितळेचा साप खांबावर टांगला आणि ज्याने त्याच्याकडे पाहिलं तो जगला. पाहिलं, बस. चढायचं नव्हतं, उपास नव्हता, फी नव्हती. मी हे मागणं इंदूरच्या छावणी भागातल्या एका साइटवर दुपारी जेवणाच्या सुट्टीत केलं, डब्यात भेंडी होती, प्रकाश वगैरे काही पडला नाही, अंगावर काटा पण नाही. पौलाला (आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा तो) दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या रस्त्यावर उजेड दिसला आणि तीन दिवस डोळे गेले, ते खरं, पण तसं सगळ्यांचं होत नाही, आणि झालं नाही म्हणून आपलं लागू झालं नाही असं समजून दर रविवारी नव्याने हात वर करत बसू नये.

आता ज्या भागावर लोक कमी बोलतात तो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय आहे, जकातदारांचा मुख्य, बुटका, झाडावर चढलेला. येशू आधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो, आणि मग जक्कय म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलंय त्याला चौपट परत करतो. क्रम नीट बघा, परत केलं म्हणून येशू आला नाही, येशू आला म्हणून परत केलं. पण केलं! मी पहिले गेलो रामबागेतल्या एका काकूंकडे, रिटायर्ड मास्तरीण, एकट्या राहतात. पाकिटात २३०० रुपये. त्यांना वाटलं मी उधार मागायला आलोय. मी सांगितलं तसे चष्मा लावून त्यांनी पैसे मोजले, परत मोजले, आणि म्हणाल्या, "आणि गीझरचं?"

गीझरच्या पॉइंटला मी अडीच एमएमचे पैसे घेऊन दीड एमएमची वायर टाकली होती. ते डायरीत नव्हतं, डोक्यात पण नव्हतं. काकू म्हणाल्या, दोन वर्षं सांगतेय तुला की गीझर लावला की स्विच गरम लागतो. सोमवारी गेलो, पाइपात स्प्रिंग घालून जुनी वायर बाहेर ओढली, तर स्विचच्या टोकाला पाऊण फूट काळी पडलेली, वरचं प्लास्टिक बिस्किटासारखं हातात तुटत होतं. बाहेरून टाइल्स एकदम चकाचक. मी तिथेच बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलो थोडा वेळ. नवीन वायर टाकून झाल्यावर काकूंनी चहा दिला (पहिल्या दिवशी नव्हता दिला) आणि विचारलं हे चर्चमधे करायला सांगतात का. मी जक्कयाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "त्याने चौपट दिलं ना? तू तर एकपटच आणलंस."

आता बोला! पाळकसाहेबांना (आमच्या चर्चचे धर्मगुरू) विचारलं तर त्यांनी बायबलमधल्या गणना ह्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून दाखवला, स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. चौपट हा मेंढरं चोरणाऱ्याचा दर आहे, निर्गम ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, म्हणजे जक्कयाने स्वतःला सरळ चोराच्या रांगेत उभं केलं. मी ४६० रुपये परत नेऊन दिले. त्यापुढची हिंमत नव्हती, खरं सांगतो. तुम्ही तुमच्या ऐपतीने बघा, पण हे पाऊल गाळू नका, आणि ज्याच्याकडे जाल तो लगेच माफ करेल अशी आशा धरून जाऊ नका, एका गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर दार लावलं आणि त्याचं काही चुकलं नाही.

मंडळीबद्दल थोडक्यात. एकट्याने हे टिकत नाही, कुठल्या तरी चर्चमधे नियमाने जा, आणि तिथे एक तरी असा माणूस गाठा जो तुम्हाला थेट विचारू शकेल की ह्या आठवड्यात बिलं कशी बनवलीस. चमत्काराचं तेल विकणारे, नवा जन्म झालाय तर शुगरची गोळी बंद कर सांगणारे, दशांशाचा (कमाईचा दहावा हिस्सा चर्चला) हिशोब पहिल्याच दिवशी मागणारे, तिथून हळूच उठा. आणि जे ख्रिस्ती घरातले नाहीत आणि बाप्तिस्म्याचा विचार करताहेत त्यांनी घाई अजिबात करू नये, मध्यप्रदेशात २०२१ च्या कायद्यात धर्म बदलण्याच्या ६० दिवस आधी कलेक्टरकडे कळवायची तरतूद आहे, ती कोर्टातही गेलेली आहे, म्हणून आधी वकिलाशी बोलून घ्या. पैसे, नोकरी, लग्न ह्यातलं काहीही मधे आलं तर तो विषयच वेगळा झाला. येशूबद्दल वाचायला आणि मनातल्या मनात बोलायला मात्र कुणाचा फॉर्म लागत नाही.

पुढे काय होतं, तर हळू होतं. बायबलमधे पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याचं फळ दिलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असं करत नऊ गोष्टी, आणि शब्द फळ असा आहे, ऑनलाइन ऑर्डर नाही. मी बायकोला मोठ्या तोंडाने सांगितलं की माझा नवा जन्म झाला, ती कुकर लावत होती, म्हणाली, "बघू." चार महिन्यांनी एकदा मुलाने गाडी ठोकून आणली आणि मी ओरडलो नाही, नुसतं लागलं का विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच आठवड्यात हेल्परवर मात्र ओरडलो, अगदी जुन्यासारखा, मग संध्याकाळी त्याला फोन करून माफी मागितली, पहिले असा फोन मी कधी केला नव्हता. निकदेमाचं पण असंच आहे, तो योहानात तीनदा येतो. तिसऱ्या अध्यायात रात्री लपून, सातव्यात सभेत येशूच्या बाजूने एखादं वाक्य बोलतो आणि टोमणे खातो, आणि एकोणिसाव्यात येशू मेल्यावर, बहुतेक शिष्य पळालेले असताना, तीसेक किलो गंधरस आणि अगरु घेऊन देह पुरायला येतो. मधे किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण पोचला.

डायरीतली नऊ नावं झाली. एक दार लावणारा आहे, त्याचं पाकीट त्याच्या भावाकडे देऊन आलो तेव्हा ते धरून नऊ. एक काम इथेच सुखलिया भागात चालू आहे, त्यांना वायर पाहिजे होती, पैसे नको. अकरावं घर विकलं गेलं, ती माणसं पुण्याला गेली, नंबर लागत नाही. गणनेत ह्याचीही सोय आहे, घेणारा नातेवाईक कुणीच नसेल तर ते देवाला द्यायचं, पण पाळकसाहेब म्हणाले की इथे नातेवाईक नाही असं नाहीये, तू शोधलं नाहीयेस. घराखालच्या मेडिकलवाल्याने नंबर काढून देतो म्हटलंय, दोनदा जाऊन आलो, परवा परत जाणार आहे.