दोन हातांचं अंतर

पहिल्या सायकल शर्यतीत माझे पाय सुटायच्या आधी मन सुटलं. हे लक्षात यायला मला दीडेक वर्ष लागलं. तोवर मी आपला तयारीलाच दोष देत होतो.

तिसऱ्या फेरीत चढ लागला तेव्हा मी घोळक्याच्या पार शेपटाला होतो. हँडलवरच्या कॉम्प्युटरवर नजर गेली. हृदयाचे ठोके 186. सरावात हा आकडा कधी बघितलाच नव्हता. ‘हे काही आपल्याला झेपायचं नाही,’ असं मनात आलं आणि मान वर करेपर्यंत पुढच्या सायकलचं चाक दोन हात लांब गेलेलं. एरवी चार पेडलांत भरून काढलं असतं. पण मी आधीच हार मानली होती. दोनाचे पाच हात झाले, छातीवर वारा आला, खेळ खलास. माथा तिथून फार तर शंभर मीटर असेल. माथ्यावर पोचताच घोळका सैलावला, हे मी मागून बघत होतो.

कोणाच्या तरी चाकामागे राहिलं की एकट्याने वारा कापण्यापेक्षा साधारण 30 टक्के ताकद वाचते, कधी त्याहूनही जास्त. म्हणून त्या क्षणी ‘हा वेग मला तासभर झेपेल का’ हा प्रश्नच चुकीचा. त्याचं उत्तर खरोखर ‘नाही’ असतं आणि मन नेमकं तेच धरून बसतं. आणखी तीस सेकंद हे चाक धरवेल का, एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा धरवतं. पुढच्यांचीही फे फे उडालेली असते, पण आपल्याला त्यांचे चेहरे दिसत नाहीत. नुसत्या पाठी दिसतात आणि पाठी कधी दमलेल्या वाटत नाहीत.

आता भीतीचं. मी मागे राहायचो ते घाबरून. तिथे धक्काबुक्की कमी, असा समज. प्रत्यक्षात प्रत्येक वळणावर पुढचे जेमतेम ब्रेक लावतात आणि शेवटचा जवळपास थांबतो. मग पुढे निघून गेलेल्यांना गाठायला त्याला दर वेळी उभं राहून स्प्रिंट मारावी लागते. अशा तीसेक स्प्रिंटा झाल्या की पाय संपलेच. ही भीती समजुतीने जात नाही. माझी गेली ती गवतावर. एका मित्राबरोबर अगदी हळू, खांद्याला खांदा, कोपराला कोपर लावून सायकल चालवायची. दोन-तीनदा पडलो, गवतावर लागत नाही. महिन्याभरात शर्यतीत कोणाचं कोपर लागलं तरी हात ताठरेनासे झाले.

‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्याचा मला तरी कधी उपयोग झाला नाही. झाला तो वाईटातलं वाईट आधी मोजून ठेवण्याचा. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एक किलोमीटर टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायच्या शर्यतीला, ब्रिटनचा सायकलपटू ख्रिस हॉय सर्वांत शेवटी उतरला. त्याच्या आधी फ्रान्सच्या आर्नो टूर्नांने 1 मिनिट 0.896 सेकंद अशी जबरदस्त वेळ दिली होती. पण ‘समोरच्याने विक्रमी वेळ दिली तर?’ याचा विचार हॉयने संघाचे मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्स यांच्यासोबत आधीच करून ठेवला होता. दुसऱ्याच्या वेळेकडे न बघता त्याने आपली राइड मनात घोळवली आणि 1 मिनिट 0.711 सेकंदांत सुवर्ण नेलं.

आपल्या पातळीवर ‘तर’ साधेच असतात. घोळक्यातून सुटलो तर? लगेच जीव काढायचा नाही. मागून येणाऱ्या दोघा-तिघांची वाट बघायची, आळीपाळीने पुढे राहायचं. पाऊस आला तर? वळणाआधी ब्रेक, वळणात नाही, नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर. मी हे आदल्या रात्री कागदावर लिहितो. स्टार्ट लाइनवर शेजाऱ्याची कार्बनची चाकं बघून पोटात गोळा येतो तेव्हा तो कागद आठवतो. (गोळा अजूनही येतो. येऊ द्यावा.)

गेल्या हंगामात तसाच एक चढ असलेली शर्यत होती. या वेळी मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आधीच काळी चिकटपट्टी लावली होती. चढावर फक्त पुढच्या टायरची कड बघत राहिलो, माथा आला, घोळका सैलावला, मी आत होतो. तेविसावा आलो. घरी पट्टी काढून नोंद बघितली. त्या चढावर ठोके 189 होते.