चिपमध्ये गाणी भरताना या चुका टाळा

सप्त्याच्या मांडवात स्पीकर लागतो, पेनड्राइव्ह खोचला जातो आणि नमनाच्या आधीच भैरवी सुरू होते. फायलींना नावं नीट दिलेली असतात, कंप्युटरवर क्रमही बरोबर दिसत असतो. मग प्लेअर खराब म्हणून दुसरा आणतात, आणि तोही भैरवीपासूनच सुरुवात करतो.

खिशातला एमपी3 प्लेअर, बटनाचा फोन, ट्रॅक्टरवरचा यूएसबी टेप, मंदिरातला अॅम्प्लिफायर, या सगळ्यांना फार थोडं कळतं. समोर येईल ते वाचायचं आणि वाजवायचं, एवढंच. त्यामुळे जी काय लावालाव करायची ती गाणी चिपमध्ये, म्हणजे मेमरी कार्डात किंवा पेनड्राइव्हमध्ये, जाण्याआधी करावी लागते. बहुतेक तक्रारींचं मूळ भरण्याच्या पद्धतीतच सापडतं.

नमनाआधी भैरवी का वाजते

चिपमध्ये प्रत्येक फोल्डरची एक नोंदवही असते. जी फाइल आधी आली तिची नोंद वर, नंतर आली तिची खाली. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखंच हे. कंप्युटर ती वही वाचतो, पण पडद्यावर दाखवताना नावांप्रमाणे लावून दाखवतो. स्वस्तातले प्लेअर एवढे कष्ट घेत नाहीत. ते वही वरून खाली वाचत जातात आणि त्याच क्रमानं वाजवतात. रिमोटवर 17 दाबलं की जे गाणं लागतं ते बहुधा या वहीतलं सतरावं असतं, नावातलं 17 नव्हे.

त्यातच दुसरी गंमत घडते. मधलं एखादं गाणं डिलीट करून नवं टाकलं, तर नव्या गाण्याची नोंद त्या रिकाम्या ओळीत जाऊन बसू शकते. म्हणून शेवटी भरलेलं गाणं कधीकधी मध्येच वाजतं.

उपाय असा करा. चिपमधलं सगळं आधी कंप्युटरवर उतरवून घ्या. तिथेच एक फोल्डर करून फायलींच्या नावाआधी आकडे द्या: 01 नमन, 02 रूपाचा अभंग, मग बाकीचे अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी. आकडे 01 असे दोन अंकी, आणि गाणी 99 च्या वर असतील तर 001 असे तीन अंकी. नुसते 1, 2, 10 लिहिले की विंडोज ते समजून घेतं आणि 2 नंतर 10 दाखवतं, पण अक्षर-अक्षर तपासणारा प्लेअर 1 नंतर थेट 10 वाजवतो आणि 2 मागे राहतो. इथे बरेच जण फसतात, कारण पडद्यावर सगळं बरोबर दिसत असतं.

मग चिप फॉरमॅट करा, म्हणजे वही कोरी होईल. फोल्डरमधल्या फायली नावाप्रमाणे लावा, कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या निवडा, पहिल्याच फायलीवर उजवं बटन दाबून कॉपी म्हणा आणि चिपमध्ये पेस्ट करा. पहिलीवरच का? विंडोज बहुतेक वेळा ज्या फायलीवर बटन दाबलं तिथून कॉपी सुरू करतं. मधल्या नवव्या फायलीवर दाबलं तर वहीत 9 आधी जाते आणि 1 ते 8 सर्वांत शेवटी. फोल्डर अनेक असतील तर एकेक करून टाका, पहिला पूर्ण उतरल्यावर दुसरा. एवढं करूनही क्रम चुकला तर ड्राइव्हसॉर्ट किंवा फॅटसॉर्टर हे मोफत प्रोग्राम चिपमधली वहीच नावाप्रमाणे पुन्हा लिहून देतात.

फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, असं करू नका. एक पातळी पुरे. पुष्कळ प्लेअरना फोल्डर बदलायचं बटनच नसतं. अशा यंत्रासाठी मोठी चिप भरण्यापेक्षा काकड्याची वेगळी, लग्नाची वेगळी, वावरात ऐकायची वेगळी, अशा 4 किंवा 8 जीबीच्या लहान चिपा जास्त सोयीच्या पडतात.

चिप लागते, पण प्लेअर म्हणतो फाइल नाही

पहिला संशय फॉरमॅटवर, म्हणजे चिपमध्ये फायली मांडायच्या पद्धतीवर, घ्या. 32 जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे फॅट32 मध्ये येतात आणि 64 जीबी व त्यापुढची एक्सफॅटमध्ये. साध्या प्लेअरला एक्सफॅट वाचता येत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीपेक्षा मोठ्या कार्डाला फॅट32 चा पर्याय सहसा दिसत नाही, म्हणून लोक आहे तसंच ठेवून देतात. गाण्यांसाठी 32 जीबी किंवा त्याहून लहान कार्डच घ्यावं. ते भरायलाही आयुष्य जातं: 128 केबीपीएसचं (सेकंदाला किती माहिती लागते त्याचं हे माप, यालाच बिटरेट म्हणतात) पाच मिनिटांचं गाणं साधारण 4.8 एमबीचं होतं, म्हणजे 32 जीबीत सहा हजारांहून जास्त गाणी मावतात.

दुसरं कारण अँड्रॉइड फोन. कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात की हे पोर्टेबल ठेवायचं की फोनचं अंतर्गत स्टोरेज करायचं. अंतर्गत म्हटलं की फोन कार्ड पुसतो आणि त्याला असं कुलूप लावतो की दुसऱ्या कोणत्याही यंत्रात ते उघडत नाही. प्लेअरमध्ये जाणाऱ्या कार्डासाठी नेहमी पोर्टेबलच निवडा.

खिशातला प्लेअर केबलनं जोडल्यावर कंप्युटरवर दिसत नसेल तर आधी केबल बदला. टॉर्चसोबत किंवा ब्लूटूथ स्पीकरसोबत आलेल्या बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत माहिती नेणाऱ्या दोन तारा नसतातच. बॅटरीचं चिन्ह हलतं पण ड्राइव्ह दिसत नाही, ही त्याची खूण. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड असेल तर एमटीपीऐवजी एमएससी निवडा. मग तो पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि वर सांगितलेली क्रमवारी लावता येते.

गाण्याच्या अॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी मात्र कुठेच हलवता येत नाहीत. ती त्या अॅपपुरती कुलूपबंद असतात. प्लेअरसाठी एमपी3 म्हणून विकत घेतलेली, सीडीवरून काढलेली किंवा स्वतः रेकॉर्ड केलेली फाइलच लागते.

नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला आवाजी निरोप ओपस प्रकारचा असतो. फोनच्या रेकॉर्डरमधलं रेकॉर्डिंग बहुधा एम4ए असतं. शेवटची अक्षरं खोडून तिथे एमपी3 लिहिलं की झालं, असा समज फार पसरलेला आहे. आतला माल तोच राहतो. प्लेअर अशी फाइल सोडून पुढे जातो किंवा तिथेच अडकतो.

ती खरोखर बदलावी लागते. कंप्युटरवर व्हीएलसीच्या मीडिया मेनूत कन्व्हर्टचा पर्याय आहे. पुष्कळ फायली एकदम बदलायच्या असतील तर फ्री:एसी बरा. गाण्याला 128 केबीपीएस, 44.1 किलोहर्ट्झ ठेवा. नुसतं बोलणं असेल, कीर्तनातलं निरूपण असेल, तर 64 केबीपीएस मोनो पुरतं. तासाभराचं निरूपण मग 29 एमबीच्या आत बसतं. बिटरेट स्थिर, म्हणजे सीबीआर ठेवा. बदलता बिटरेट असला की स्वस्त प्लेअर वेळ चुकीची दाखवतात आणि पुढे सरकवताना भलतीकडेच जातात. 64 ची फाइल 320 करून मात्र काही मिळत नाही, फक्त जागा पाचपट जाते. जो आवाज आधीच गेला तो परत येत नाही.

झाडीपट्टीचं रात्रभराचं नाटक किंवा दंडार मोबाईलवर व्हिडिओत उतरवली असेल आणि चिपमध्ये जागा असूनही फाइल मोठी आहे असा संदेश येत असेल, तर फॅट32 ची हद्द आडवी आलेली असते: एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही. ऐकण्यापुरता आवाज वेगळा काढा. पाच तासांचा आवाज 128 केबीपीएसमध्ये 288 एमबीच होतो. तोही एका तुकड्यात ठेवू नका. वीज गेली किंवा प्लेअर बंद झाला की कित्येक यंत्रं फाइल पुन्हा सुरुवातीपासून लावतात, आणि तिसऱ्या तासापर्यंत बटन दाबत बसावं लागतं. एमपी3डायरेक्टकट या मोफत प्रोग्राममध्ये 20-25 मिनिटांचे तुकडे पाडा. तो फाइल नव्यानं बनवत नाही, नुसती कापतो, त्यामुळे आवाजाचा दर्जा उतरत नाही.

अर्धं वाजून थांबणारी गाणी

कॉपीची पट्टी पूर्ण झाली की लगेच पेनड्राइव्ह ओढायचा, ही सवय सोडा. पट्टी संपली तरी थोडं लिखाण बाकी राहू शकतं, आणि नोंदवही अर्धवट राहिली तर शेवटची गाणीच नव्हे, अख्खं फोल्डर हरवू शकतं. खाली उजवीकडच्या चिन्हातून इजेक्ट म्हणा. फोनला ओटीजीनं (फोनला पेनड्राइव्ह जोडायच्या अडॅप्टरनं) लावलं असेल तर फोनमध्येही इजेक्ट असतं. यूपीएस नसलेल्या कंप्युटरवर भारनियमनाच्या वेळेच्या तोंडावर गाणी भरायला घेऊ नका. कॉपी चालू असताना वीज गेलीच, तर उरलेली फक्त पुढे टाकू नका. फॉरमॅट करून पहिल्यापासून भरा.

गाणी एका ठरावीक जागेनंतरच वाजेनाशी झाली, नावं दिसतात पण आत शांतता किंवा खरखर आहे, तर कार्ड बनावट असण्याचा संशय धरा. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 64 किंवा 128 जीबीच्या कार्डांत कधीकधी खरी जागा 8 जीबीच असते. कंप्युटरला खोटा आकडा दाखवायची तेवढी सोय केलेली असते. नवं कार्ड आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवा. तो पूर्ण कार्ड भरतो, मग लिहिलेलं परत वाचून पाहतो. 32 जीबीला तासाभराच्या वर लागतो, पण पुढचा मनस्ताप वाचतो. 32 जीबीच्या कार्डात 29.8 च दिसतात म्हणून मात्र घाबरू नका. तो मोजायच्या दोन पद्धतींमधला फरक आहे.

फोल्डरचे शॉर्टकट झाले

दुकानातल्या कंप्युटरवरून गाणी भरून आणल्यावर हे हमखास दिसतं. फोल्डरच्या जागी बाण असलेली चिन्हं येतात. त्यांवर क्लिक करू नका, क्लिक केलं की व्हायरस तुमच्या कंप्युटरमध्ये शिरतो. गाणी बहुतेक वेळा गेलेली नसतात, लपवलेली असतात. सोपा मार्ग: कार्ड अँड्रॉइड फोनमध्ये घाला. विंडोजनं लपवलेल्या फायली फोन सरळ दाखवतो. फक्त गाण्यांची फोल्डरं फोनमध्ये उतरवून घ्या, बाण असलेल्या किंवा अनोळखी फायली सोडा, कार्ड फॉरमॅट करा आणि परत भरा. घाईनं आधीच फॉरमॅट करणारे सगळी गाणी घालवून बसतात.

पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं

स्वस्त प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. त्याला काही इलाज नाही, फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत छोटी ठेवा. नाव बदलूनही पडद्यावर जुनंच काहीतरी येत असेल तर प्लेअर फाइलच्या आतला टॅग, म्हणजे आत लिहिलेली गाण्याच्या नावाची नोंद, वाचतोय. एमपी3टॅग प्रोग्रामनं टॅग दुरुस्त करा आणि टॅग लिहायच्या आयडी3 या पद्धतीची 2.3 आवृत्ती ठेवा, जुन्या प्लेअरना 2.4 कळत नाही. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले टॅग कुठेच नीट दिसणार नाहीत, ते पुसून नव्यानंच लिहा.

एक गाणं कानठळ्या बसवतं आणि पुढचं ऐकूच येत नाही, याला एमपी3गेन आहे. मुळातला 89 डेसिबलचा आकडा तसाच ठेवून सगळं फोल्डर एकसारखं करा. हा बदल फाइलमध्येच होतो, म्हणून कोणत्याही प्लेअरवर चालतो.

मूळ रेकॉर्डिंग चिपमध्ये ठेवू नका

ही चूक सर्वांत महाग पडते. बाजारातलं गाणं पुन्हा मिळेल. गावातल्या आजीनं म्हटलेली भुलाबाईची गाणी, खंजिरीवरचं भजन, खडी गंमतीतल्या शाहिराचा आवाज पुन्हा कुठून आणणार? प्लेअरमधली चिप ही वापरायची वस्तू आहे. ती पडते, पाण्यात जाते, दुसऱ्याकडे जाऊन पुसली जाते. मूळ फाइल जशी रेकॉर्ड झाली तशीच दोन वेगळ्या जागी ठेवा, एक मंडळाच्या कंप्युटरवर आणि दुसरी घरच्या पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन साठवणीत. चिपमध्ये नेहमी तिची प्रत जाऊ द्या. फाइलच्या नावात गाव, गाणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. पंधरा वर्षांनी नुसत्या "ऑडिओ 23" वरून कोण गातंय हे कोणालाच सांगता येत नाही.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो. तेव्हा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीत प्लेअर राहू देऊ नका. चिप ते सोसते, आतली बॅटरी फुगते. दुपारी तापलेला प्लेअर तसाच चार्जिंगला लावू नका, सावलीत निवल्यावर लावा. कापूस वेचणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत धुळीनं कार्ड मध्येच तुटक चालायला लागलं तर सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती फडक्यानं पुसा, ओल्या बोटानं किंवा फुंकर मारून नाही. आणि नखाएवढ्या कार्डावर नाव लिहायला जागा नसते, म्हणून प्रत्येक कार्ड त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा आणि आत एका चिठ्ठीवर गाण्यांचे आकडे आणि नावं लिहून टाका. मांडवात रिमोट हातात असलेल्याला तीच चिठ्ठी कामी येते.